थायरॉईडची गोळी : घेणारांचे मत
(जालना येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आरोग्यावर बोलावयास उभा राहणारा वक्ता डॉक्टर असावा, अशी आपली साहजिक अपेक्षा असते. आम्ही डॉक्टर नाही. गेली अकरा वर्षे रोज पहाटे थायरॉईडची गोळी घेणारे एक सामान्य रुग्ण आहो. आणि चालकांनी आम्हांस दिलेला विषयही रुग्णांचाच आहे. या विकारावर जे उपचार सांगितले जातात, त्यांविषयी ते घेणारांस काय वाटते? हा प्रश्न आपल्या घरांत क्वचितच विचारला जातो. गोळी सुरू करावी की नाही हे यजमान ठरवितात, ती बंद करावी असे शेजारीण सुचविते, तिच्याऐवजी अमुक काढा घ्यावा असे एखादे मामा फोनवरून कळवितात. आणि जिची ग्रंथी मंदावली आहे ती मात्र मुकाट्याने सर्वांचे ऐकून घेते.

ही ग्रंथी गळ्याच्या पुढील बाजूस असते. शास्त्रीय मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात, पण हा शब्द वापरला तर आपल्यापैकी कोणासच कळणार नाही. ती मंदावली की थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, केस गळणे, पाळी अनियमित होणे, विसरभोळेपणा अशा तक्रारी सुरू होतात. यांतील एकही तक्रार अशी नाही की जी आपल्या स्त्रिया ‘कामाचा शीण’ म्हणून वर्षानुवर्षे अंगावर काढीत नाहीत. देशातील आठ शहरांत झालेली एक पाहणी 2013 साली प्रसिद्ध झाली. तीत प्रौढांपैकी शंभरांत सुमारे अकरा जणांस हा विकार आढळला, आणि स्त्रियांत तो अधिक होता. त्या आठांत जालना नव्हते. तथापि आज येथे हात वर करावयास सांगितले तर फारच थोडे हात वर होतील, आणि त्याचे कारण विकार नाही हे नव्हे. त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

आम्ही जालना, अंबड, भोकरदन आणि परतूर येथील आपल्या काही कुटुंबांतील रुग्णांशी बोललो. सर्वांत अधिक ऐकू आलेले मत हे, की ‘जन्मभराची गोळी नको.’ हे मत समजण्यासारखे आहे. पण ही गोळी म्हणजे व्यसन नव्हे; शरीरात जो रस कमी पडतो तो भरून काढणे एवढेच तिचे काम. फसगत होते ती निराळ्या कारणाने. या औषधाचा अंश रक्तातून निम्मा होण्यास सुमारे सात दिवस लागतात. म्हणून गोळी सोडल्यावर आठवडा-दोन आठवडे काहीच जाणवत नाही, आणि त्याच दिवसांत सुरू केलेल्या काढ्याला यश मिळाल्याचा भास होतो. अंबडकडील एका भगिनीने असेच केले. पंधरा दिवस ती सर्वांस सांगत होती की आपण बऱ्या झालो. तिसऱ्या महिन्यात तोंडावर सूज आली आणि आवाज घोगरा झाला. कांचनार गुग्गुळाचा आम्ही अनादर करीत नाही, योगासनांनी अंगास बरे वाटते हेही खरे. परंतु बंद पडत चाललेल्या ग्रंथीचा रस त्यांनी भरून निघतो, असा पुरावा नाही.

दुसरी शंका आपल्या शाकाहारी घरांतील. गोळी प्राण्याच्या ग्रंथीपासून करतात, असे एका आजींनी कोठेतरी ऐकले होते. ही शंका अगदीच निराधार नाही. 1891 साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे डॉ. जॉर्ज मरे यांनी सेहेचाळीस वर्षांच्या एका स्त्रीस मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून या विकारातून प्रथम वर काढले. ती बाई पुढे 1919 पर्यंत जगली. वाळविलेल्या डुकराच्या ग्रंथीची भुकटी अमेरिकेत आजही काही रुग्ण पसंत करतात. पण 1927 साली हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी थायरॉक्सिन प्रयोगशाळेत घडविले, आणि आपण घेतो त्या गोळीतील लिव्होथायरॉक्सिन हे असे घडविलेलेच द्रव्य आहे. आजींची गोळी पुन्हा सुरू झाली.

याच्या उलट, ‘मला खरोखरच गोळी हवी काय?’ असे विचारणारे एक वृद्ध गृहस्थ भेटले. घरचे त्यांना हट्टी म्हणत होते. आमच्या मते त्यांचा प्रश्न रास्त आहे. टीएसएच थोडेसेच वाढलेले, बाकी रस पुरेसा, अशा पासष्टीपुढील 737 जणांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाला. खऱ्या गोळीने खोट्या गोळीपेक्षा त्यांना अधिक बरे वाटले नाही. शिवाय मात्रा अधिक झाली तर वृद्धांची हाडे ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. असा प्रश्न घरी वाद घालून सुटत नाही. तो डॉक्टरांस विचारावा.

आता ज्यांची तक्रार सर्वांत कमी ऐकली जाते त्यांच्याविषयी. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, पण मी नॉर्मल नाही,’ असे एका शिक्षिकेने आम्हांस सांगितले. तिला डॉक्टरांनीही आणि घरच्यांनीही मनाचे खेळ म्हणून वाटेस लावले होते. वस्तुतः गोळी घेणाऱ्या शंभरांतील पाच-दहा जणांची ही तक्रार असते. नेहमीच्या औषधास टी-थ्री या दुसऱ्या रसाची जोड दिली, तर 1999 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तेहेतीसपैकी वीस रुग्णांनी ती जोड पसंत केली. पुढील बहुतेक मोठ्या चाचण्यांत मात्र तसा स्पष्ट लाभ दिसला नाही. तेव्हा जोडगोळीचा आग्रह धरण्यापूर्वी रक्तातील हिमोग्लोबिन आणि शाकाहारी माणसांत हमखास कमी पडणारे बी-12 तपासून घ्यावे, असे आम्ही तिला सुचविले. बी-12 फारच कमी निघाले.

आणि गोळी घेता कशी, हेही पाहावे. ती पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी घ्यावयाची. चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. आपल्याकडे गोळी चहाच्या घोटाबरोबरच जाते. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. बाटली शेगडीवरच्या फळीवर नको. आपल्या जिल्ह्याचा वैशाखातील उन्हाळा तिला आधीच पुरेसा आहे. राजूरच्या गणपतीस अंगारकीला पायी जाणाऱ्या एका भाविक भगिनीने विचारले, उपवासाला गोळी चालते काय? रिकाम्या पोटाचीच गोळी ती. तिच्याइतकी उपवासाला योग्य दुसरी वस्तू नसेल!

आता हात वर न होण्याचे कारण. आपल्या एका मुलीचे लग्न ठरले तेव्हा आईने बजावले, सासरी गोळीचे नाव काढू नकोस. मुलीने बाटली कपड्यांच्या घडीत ठेवली. एकत्र कुटुंबात पहाटे एकटे सापडणे कठीण. गोळी आठवड्यातून दोनदा, मग एकदा, मग बंद. दिवस गेले. गरोदरपणात या औषधाची गरज साधारण चौथाईने ते तिसऱ्या हिश्श्याने वाढते, कारण आरंभीच्या आठवड्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच रसावर चालते. हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि ती कोणास विचारू शकत नव्हती. तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला. कारण हेच, असे छातीठोकपणे कोणी म्हणणार नाही. पण टीएसएच त्या वेळी किती वाढले होते ते कागदावर आहे. वेळेवर गोळी घेणारी, मात्रा तपासून घेणारी स्त्री निरोगी मुलास जन्म देते; ही गोष्ट तिच्या सासूबाईंस ठाऊक असती तर त्यांनीच तिला पहाटे उठविले असते, असे त्या बाई आम्हांस रडत सांगत होत्या. लपविले कोणापासून, असा प्रश्न आम्हांस पडला.

2024 साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. टीएसएचची तपासणी आता खेड्यातील माणसासही फारशी दूर राहिलेली नाही. अडचण आपल्या कागदात आहे. मंडळाच्या वधूवर परिचयपत्रकात ‘प्रकृती : निरोगी’ असे आधीच छापलेले असते आणि पालक त्याखाली सही करतात. तो छापील शब्द काढून तेथे कोरी जागा ठेवावी, आणि थायरॉईड असलेल्या मुलामुलींनी तेथे ‘थायरॉईड आहे, रोज एक गोळी घेते’ किंवा ‘घेतो’ एवढे मोकळेपणी लिहावे, अशी लेखी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे दिली आहे. त्या मुलीच्या आईने सूचनेवर पहिली सही केली. सूचनेची प्रत व्यासपीठाजवळच्या टेबलावर आहे. ज्यांस सही करावयाची असेल त्यांनी भोजनापूर्वी करावी.