आपल्या डोंगरांचे थर



छत्रपती संभाजीनगरच्या भोवतालचे डोंगर म्हणजे निव्वळ काळ्या दगडाच्या राशी, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अपुरी आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून तप्त शिलारस बाहेर आला. तोही एकदाच नव्हे, पुनःपुन्हा. प्रत्येक वेळचा रस आधीच्या थरावर पसरून निवाला. हे थर एकसारखे नाहीत, आणि या भेदावरच आपल्या प्रांताचे पुष्कळसे वैभव उभे आहे.

थराचा मधला भाग बहुधा भरीव व कठीण असतो. माथ्याकडे वायूचे बुडबुडे अडकून राहिल्यामुळे तो सच्छिद्र होतो. पुढे त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या पाण्यातून स्फटिक जमतात. गारगोट्या आणि पांढरे झिओलाइट यांचा उगम तेथे आहे. दोन उद्रेकांमध्ये दीर्घ काळ गेला, की पृष्ठभाग झिजून त्याची माती होते आणि नव्या रसाखाली ती दडपली जाते. डोंगरउतारावर मधूनच दिसणारा तांबडा पट्टा बहुधा अशा विश्रांतीची खूण होय.

आता याचा उपयोग पाहा. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात माथ्याकडून पायथ्याकडे कोरीत आणले. एकसंध जाड कातळावाचून हे काम साधले नसते. देवगिरीचा कडा तासून उभा केला, तोही कातळाच्याच बळावर. उलट, विहिरीचे पाणी भरीव दगडात साठत नाही. ते भेगांत व झिजलेल्या मुरमात साठते. मलिक अंबरने सतराव्या शतकात नहरींच्या वाटे डोंगराकडील पाणी शहरात आणले, ते या भूमीची नीट पारख करूनच.

अजिंठा व वेरूळ यांना १९८३ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. उल्कापाताने झालेले लोणारचे सरोवर २०२० मध्ये रामसर यादीत आले. परंतु टेकडीवरील तो निनावी तांबडा पट्टा कोणाच्याच यादीत नसतो. रस्त्यांना व घरांना मुरूम आणि खडी लागणारच. खाणी बंद कराव्यात, असे माझे म्हणणे नाही. मात्र तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे लावता येते, पोखरलेली टेकडी कोणी पुन्हा रचू शकत नाही.

केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा-जतनाच्या विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. परंतु कायद्याच्या आधी ओळख हवी. कोणता थर कोठे स्पष्ट दिसतो, याची नोंद शाळांनी करावी. काम संपलेल्या खाणीची एक उभी बाजू न बुजविता अभ्यासासाठी राखावी. आणि सहलीला गेलेल्या मुलांना स्फटिक फोडून आणण्याऐवजी ते जागीच पाहावयास शिकवावे. ज्याचे नाव मुलांच्या तोंडी असते, त्याचा नाश करताना मोठ्यांचा हात थोडा तरी अडखळतो.