पद्मिनी, मारुती आणि चढावरची शिल्लक

दोन गाड्यांची तुलना निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : पिकअप कुणाचा चांगला? हल्ली त्याचं उत्तर एका आकड्यात देतात. शून्यापासून शंभरपर्यंत किती सेकंद! तो आकडा सपाट, मोकळ्या रस्त्यावर काढलेला असतो आणि गाडीत चालकाशिवाय फारसं कुणी नसतं. आपला प्रवास असा क्वचितच होतो. म्हणून आज मी दोन अशा गाड्या घेतो आहे, ज्यांत आपल्यापैकी पुष्कळांनी दाटीवाटीने बसून घाट चढला आहे : प्रीमियर पद्मिनी आणि मारुती ८००.

पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातली, मूळची फियाट ११००. चार सिलिंडर, १०८९ सीसी, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती, वजन ९०० किलोंहून जरासं कमी. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला आणि ओढ मागच्या चाकांना. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती २०२३च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत रस्त्यावर होती. मारुती आली डिसेंबर १९८३ मध्ये. तीन सिलिंडर, ७९६ सीसी; ताकद तीही चाळिसाच्या आतबाहेरच. वजन मात्र ६५० किलोंच्या आसपास आणि ओढ पुढच्या चाकांना.

म्हणजे ताकद जवळपास सारखी आणि वजनात सुमारे अडीचशे किलोंचा फरक. रिकाम्या गाडीत टनामागे पद्मिनीच्या वाट्याला ४५ अश्वशक्ती येतात, मारुतीच्या वाट्याला ६१. सिग्नल सुटला की मारुती पुढे निसटायची ती यामुळे. तिचं इंजिन लहान असूनही चपळ कसं, याचं लोकांना त्या काळी फार नवल वाटे. इंजिनापेक्षा हलक्या सांगाड्याची ती करामत होती.

आता गाडीत माणसं बसवू. पाच जण आणि डिकीभर सामान, मिळून ४०० किलो. पद्मिनी टनामागे ३१ वर येते, मारुती ३८ वर. मारुतीची ३५ टक्क्यांची आघाडी २२-२३ टक्क्यांवर उतरली. हलक्या गाडीला प्रत्येक पाहुणा जास्त जड पडतो. इथे थांबलो, तर भरलेल्या गाड्यांमध्ये फारसा फरक उरत नाही असं वाटेल. पण अजून घाट यायचा आहे.

दहा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा चढ धरू. वेग ताशी ४० किलोमीटर. या वेगाला इंजिन आपल्या पूर्ण ताकदीच्या फेऱ्यांवर नसतं, शिवाय गिअरबॉक्समध्येही काही ताकद जाते. त्यामुळे दोन्ही गाड्यांच्या चाकांपर्यंत २७ अश्वशक्ती पोचतात असं ढोबळमानाने धरतो. भरलेल्या पद्मिनीला नुसतं ते वजन वर उचलायलाच १९ लागतात. टायरचं घर्षण आणि वारा आणखी ४ घेतात. एकूण २३, उरल्या ४. मारुतीचं वजन उचलायला १५ पुरतात, घर्षण आणि वाऱ्याला साधारण ३. तिच्याकडे उरल्या ८ ते ९.

ही जी शिल्लक आहे ना, तोच खरा पिकअप. बाकीची सगळी ताकद आहे तो वेग टिकवण्यात खर्च होते. वेग वाढतो तो फक्त शिलकीतून. सपाटीवर पाव हिश्शाने पुढे असलेली मारुती चढावर शिलकीत दुप्पट झाली. ही शिल्लक कमी वजनाला पुढे ढकलायची असल्याने तिचा वेगही अडीचपट झपाट्याने वाढतो.

आता जरा गंभीरपणे ऐका. पुढे एक टेम्पो ताशी ४० ने चढतो आहे. त्याच्या मागून निघून सुखरूप त्याच्या पुढे यायचं, तर त्याच्यापेक्षा ३५ मीटर तरी जास्त कापावे लागतात. या शिलकीवर मारुतीला साधारण ११ सेकंद लागतील, पद्मिनीला १८. शिवाय वेग वाढेल तशी शिल्लक घटते, त्यामुळे प्रत्यक्षात दोघींनाही याहून जास्तच. तेवढा वेळ आपण समोरून येणाऱ्यांच्या अंगावर चाललेले असतो, मागच्या सीटवर मुलं बसलेली असतात. गाडीला दम नाही हे निम्म्या वाटेत कळून काय उपयोग? मला पिकअपचा विषय महत्त्वाचा वाटतो तो याच सेकंदांसाठी.

एसीचंही गणित यातच आहे. लहान गाडीचा कॉम्प्रेसर दोन-तीन अश्वशक्ती सहज खातो. चाळिसातून तीन गेल्या तर कळतही नाही; पण चढावर आठातून तीन गेल्या तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त पिकअप गेला. खोपोली सोडली की जुने ड्रायव्हर एसीचं बटण बंद करत ते याच हिशेबाने, मग कागदावर मांडलेला असो वा नसो. नवी गाडी घेताना एकट्याने सपाट रस्त्यावर चक्कर मारून परत येऊ नका. घरची सगळी माणसं बसवा, एसी लावा आणि गावातला सगळ्यात उभा चढ दाखवा.

पण पद्मिनीला न्याय द्यायचा राहिला. पावसात, शेवाळलेल्या किंवा चिखलाच्या चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवायची असेल, तर प्रश्न ताकदीचा नसतो, पकडीचा असतो. चढावर गाडीचा भार मागे सरकतो, डिकीतलं सामान त्यात भर घालतं. पद्मिनीची ओढ मागच्या चाकांना, म्हणजे नेमका जिथे भार वाढला तिथेच. ती चाकं जमीन धरून ठेवतात. मारुतीची पुढची चाकं त्याच वेळी हलकी झालेली असतात आणि रेस दिली की जागच्या जागी फिरतात. अशा वेळी मुरलेला मारुतीवाला गाडी वळवून रिव्हर्समध्ये वर नेई. ओढीची चाकं उताराच्या बाजूला आली की भार त्यांच्यावर येतो आणि मघाशी घसरणारी तीच गाडी हळूहळू वर सरकू लागते.