सुटून आलेल्याचे मत



महोत्सवाच्या दिवशी तुरुंगाचा विषय काढावा, हे कित्येकांना रुचणार नाही. परंतु ट्रस्टकडे येणाऱ्या शिष्यवृत्तीच्या काही अर्जांत वडिलांच्या व्यवसायाची जागा कोरी असते, आणि ती का कोरी आहे हे बमरोलीत सर्वांस ठाऊक असते. लाजपोरच्या कारागृहातून परत आलेला मनुष्य लूमच्या खात्यात पुन्हा उभा राहतो; मतदानाच्या दिवशी मात्र घरीच बसतो. आपले मत गेले, असे तो समजतो आणि घरचेही तेच मानतात. हा समज खोटा आहे, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 62 प्रमाणे, जो तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत आहे त्यास मत देता येत नाही. प्रतिबंधक स्थानबद्ध तेवढे यातून वगळले आहेत. ही बंदी आत असेपर्यंतच. शिक्षा भोगून आलेला असो वा जामिनावर सुटलेला, बाहेर आला की मत त्याचे आहे. अपवाद आहे तो मतासाठी लाच, तोतया मतदान अशा निवडणुकीतील ठरावीक गुन्ह्यांचा; त्यांत शिक्षा झाल्यास सहा वर्षे मत जाते.

घोटाळा होतो तो दुसऱ्या एका नियमामुळे. दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्यास सुटकेनंतरही सहा वर्षे निवडणुकीस उभे राहता येत नाही. उभे राहणे निराळे, मत देणे निराळे. लोक दोन्ही एकच समजतात.

कोठडीतील बंदी थोरामोठ्यांनाही चुकत नाही. जून 2022 मध्ये महाराष्ट्राचे आमदार अनिल देशमुख व नवाब मलिक कोठडीत होते. विधान परिषदेच्या मतदानासाठी त्यांनी मागितलेली परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने व सर्वोच्च न्यायालयानेही नाकारली. तरीही या नियमाचा खरा भार गरिबांवरच पडतो. 2022 च्या अखेरीस देशातील कैद्यांपैकी सुमारे पाऊण हिस्सा कच्चे कैदी होते. आरोप तोच असला तरी जामिनाची ऐपत असलेला मत देतो, नसलेला देत नाही. शिवाय आतला कच्चा कैदी उमेदवार होऊ शकतो. जॉर्ज फर्नांडिस 1977 मध्ये तुरुंगातूनच मुझफ्फरपूरहून निवडून आले होते.

1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी वैध ठरविली. बंदोबस्ताचा ताण आणि गुन्हेगारांस निवडणुकीपासून दूर ठेवणे, ही कारणे त्यात होती. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने मात्र 1999 मध्ये कैद्यांनाही मतदानाची सोय करून देण्याचा आदेश दिला. निकालापूर्वीच मत रोखणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. पण कायदा बदलणे हे संसदेचे काम आहे.

आपल्या हाती आहे ते आपण करावे. तुरुंगात गेल्याने मतदारपण जात नाही, हे 2013 च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. परंतु कर्ता पुरुष आत असताना कुटुंब भाड्याची खोली बदलते, आणि जुन्या पत्त्यावर कोणी न सापडल्याने नाव गळते. नाव गळले असेल तर फॉर्म 6 भरावा; खानदेशातील गावी वा जुन्या खोलीच्या पत्त्यावर असेल तर फॉर्म 8. दोन ठिकाणी नाव ठेवू नये.

ट्रस्टच्या कचेरीत आठवड्यातून एक संध्याकाळ या कामासाठी राखावी, अशी आमची विनंती आहे. आलेल्यास गुन्हा कोणता, असे कोणी विचारू नये. तो प्रश्न न्यायालयाने विचारून झालेला आहे. आपण विचारावे ते एवढेच: यादीत नाव आहे ना?