पूर्वीच्या कामाची नोंद
(वार्षिक सभेतील भाषण)



“हा आजार कामाच्या जागेमुळे झाला का?” हा प्रश्न नातेवाईक हलक्या आवाजात विचारतात. मँचेस्टर विद्यापीठात तो जाहीरपणे विचारला गेला. १९०७ ते १९१९ या काळात अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी तेथे किरणोत्सारी द्रव्यांवर प्रयोग केले. पुढे त्याच इमारतीत वावरलेल्या काहींना कर्करोग झाला. मागे उरलेला किरणोत्सर्ग, पारा आणि प्रत्येकाच्या वास्तव्याचा काळ तपासून प्रा. डेव्हिड कॉगन यांनी २००९ मध्ये निष्कर्ष दिला : मात्रा अत्यल्प, त्यामुळे कर्करोग झाल्याचा संभव फारच कमी. शोकाकुल कुटुंबांचे त्याने समाधान झाले असेल, असे मला वाटत नाही. परंतु उत्तर मोजमापातून आले होते.

आपल्या जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग व चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. ही धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास अंग ताठरते, चाल बिघडू शकते. लक्षणे कंपवातासारखी भासतात आणि काम सुटल्यावरही वाढू शकतात. केसपेपरवर केवळ ‘निवृत्त’ लिहिले, तर खाणीतली वीस वर्षे दिसतच नाहीत. तरी पूर्वीच्या कामाची जागा व वर्षे आपण डॉक्टरांना आपणहून सांगावीत, ही विनंती.