छायाचित्रांतील मोटारी

रायपुरातील मराठी वस्ती आजकालची नव्हे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाबरोबर काही घराणी तेथे गेली, आणि १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावरही ती तेथेच राहिली. पुढे रेल्वे, कचेऱ्या आणि शाळा यांच्या निमित्ताने आणखी कुटुंबे आली. तात्यापारा या भागाच्या नावातच ती जुनी ओळख दिसते. अशा जुन्या घरांतील एखादी पेटी उघडली, की तळाशी हमखास एक पिवळसर पडलेले छायाचित्र निघते. लांब कोट आणि पागोटी घातलेले चार गृहस्थ, पुढे खाली बसलेली मुले आणि मागे एक मोटार. पाठीवर कुणीतरी मागाहून लिहिलेले असते: ‘राजेसाहेबांची रोल्स’. बहुधा ती रोल्स नसते.

तरीही असे लिहिण्याचा मोह का व्हावा, हे समजण्यासारखे आहे. बस्तर, कांकेर, राजनांदगाव, खैरागड, कवर्धा, रायगड, सरगुजा अशी लहानमोठी चौदा संस्थाने छत्तीसगडात होती आणि १ जानेवारी १९४८ रोजी ती मध्यप्रांतात विलीन झाली. जबलपुरास १८८२ साली निघालेले राजकुमार कॉलेज १८९४ पासून रायपुरातच आहे आणि या संस्थानांचे राजपुत्र तेथेच शिकत. तेव्हा रस्त्यावरून जाणारी प्रत्येक झुळझुळीत मोटार राजेसाहेबांची आणि राजेसाहेबांची प्रत्येक मोटार रोल्स, असे लोकांनी मानले तर नवल नाही. पण ज्यांना या गोष्टींचा नाद आहे, असे दोनचार लोक बहुतेक प्रत्येक शहरात असतात. त्यांच्यासमोर ते छायाचित्र ठेवावे. ते माणसांकडे पाहत नाहीत, पाठीवरचा मजकूर वाचत नाहीत. भिंग घेऊन आधी गाडीचे नाक पाहतात.

त्या काळच्या मोटारीचे नाक म्हणजे तिचा रेडिएटर. इंजिनाचे पाणी थंड करणारे ते साधे यंत्र. पण त्याच्या चौकटीला प्रत्येक कारखान्याने आपले घराणे दिले होते. रोल्स-रॉइसची चौकट ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखी, वर सपाट त्रिकोण आणि खाली उभ्या पट्ट्या. पॅकर्डच्या चौकटीला बैलाच्या जुवासारखे खांदे. बुगाटीची घोड्याच्या नालासारखी. इंग्लंडच्या डेमलरच्या चौकटीच्या माथ्यावर खाचा पाडलेल्या. पिअर्स-ॲरोची खूण मात्र नाकावर नव्हे, डोळ्यांवर असे: इतरांचे दिवे रेडिएटरच्या दोन्ही बाजूंस उभे असताना १९१४ पासून या कारखान्याने ते मडगार्डांतच बसवून दिले. असे दिवे दिसले, की बाकीचे छायाचित्र फाटलेले असले तरी चालते.

मात्र नाक पाहून एकदम निर्णय देणारा कच्चा समजावा. अमेरिकेत रोमर नावाची एक मोटार निघत असे. तिच्या कारखानदारांनी रोल्सचा रेडिएटर सरळ समोर ठेवूनच आपला घडवला होता. चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने १९११ साली केलेली पंख पसरलेली रोल्सची स्त्रीमूर्ती पाहून पुष्कळ जण फसतात. पण ती टोपणावर बसणारी वस्तू, कुणीही विकत घेऊन कुठल्याही गाडीवर बसवावी. शिवाय दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्सचा कारखाना संपूर्ण मोटार विकतच नसे. इंजिन, चाके आणि सांगाडा तेवढा तो देई. वरचा डौल बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली अशा गाडीकारांकडून ज्याने त्याने आपल्या हौसेप्रमाणे करून घ्यावा. त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन रोल्स शेजारी उभ्या केल्या, तर त्या बहिणी आहेत हे पटू नये. संस्थानिकांनी तर एकाच सांगाड्यावर आज दरबारी थाट आणि उद्या शिकारीचा उघडा डोलारा चढवला. अशा वेळी छायाचित्र अर्धेच सांगते. उरलेले सांगाड्यावरचा क्रमांक सांगतो.

मराठी माणसाला जवळचे उदाहरण इंदूरचे आहे. दुसरे यशवंतराव होळकर यांची १९३५ सालची ड्यूसेनबर्ग जगातल्या नामांकित मोटारींत गणली जाते. सांगाडा आणि इंजिन अमेरिकेतील इंडियानापोलिसचे. वरचे शरीर लंडनच्या गर्नी नटिंग यांनी घडवलेले. तिचे नुसते बॉनेट दिसले तर जाणकार म्हणेल अमेरिका, नुसती पाठ दिसली तर म्हणेल इंग्लंड, आणि दोन्ही उत्तरे बरोबर. या जातीच्या गाडीच्या बॉनेटबाहेर चकचकीत जाड नळ्या निघालेल्या असल्या, म्हणजे ती दमदार सुपरचार्जरवाली, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्या नळ्या केवळ शोभेसाठी साध्या ड्यूसेनबर्गलाही बसवून मिळत. होळकरांची गाडी मात्र खरोखरच सुपरचार्जरची होती. खूण आणि पुरावा यांतला हा भेद ज्याला कळला, त्याच्याच मताला या क्षेत्रात वजन असते.

हा सारा हौशी लोकांचा खेळ आहे, असे वाटल्यास ते अगदी खोटे नाही. पण कधी कधी या खेळावर इतिहासातला एखादा प्रश्न अवलंबून राहतो. धमतरीजवळच्या कंडेल गावी कालव्याच्या पाणीपट्टीविरुद्ध सत्याग्रह झाला आणि त्या निमित्ताने १९२० च्या डिसेंबरात गांधीजी रायपुरास आले, असे मानले जाते. त्याबद्दल अभ्यासकांत वादही आहे. १९३३ च्या नोव्हेंबरातील त्यांचा छत्तीसगडचा हरिजन दौरा मात्र निर्विवाद आहे. आता समजा, एखाद्या घरात गर्दीचे एखादे छायाचित्र सापडले आणि घरची मंडळी ते १९२० चे म्हणून दाखवू लागली. चेहरे पुसट, पाट्या वाचता येत नाहीत; कोपऱ्यात एक मोटार मात्र स्पष्ट आहे. या दोन सालांमधील तेरा वर्षांत मोटारीचे रूप जितके पालटले, तितके पुढे क्वचितच पालटले असेल. १९२३-२४ पूर्वी सामान्य गाडीच्या पुढच्या चाकांना ब्रेकच नसत. आऱ्यांमागे ब्रेकचा गोल डबा दिसला, की १९२० चा दावा डळमळतो. फुगीर बलून टायर १९२३ नंतरचे. फोर्डचे ‘मॉडेल ए’ १९२७ च्या अखेरीचे आणि आठ सिलिंडरांची फोर्ड १९३२ ची. यांपैकी एक जरी वस्तू छायाचित्रात असली, तरी ते १९२० चे असणे शक्य नाही.

उलट बाजू तितकी सोपी नाही. पितळी रेडिएटरची जुनी ‘मॉडेल टी’ दिसली, म्हणून छायाचित्र १९२० चे ठरत नाही. कारण आपल्याकडे मोटार वीसवीस, तीसतीस वर्षे चालवण्याची रीत होती. मोटार छायाचित्राची अलीकडची मर्यादा सांगत नाही, पलीकडचीच सांगते: याआधीचे ते नाही, एवढेच. घरच्या आठवणीला धक्का देणारे हे उत्तर कुणाला आवडत नाही. पण ते न आवडणाऱ्यांनीच ते आधी ऐकून घेतलेले बरे. छापील स्मरणिकेत चूक एकदा गेली, की पुढचे दहा लेखक ती उतरून घेतात.

छायाचित्रही कधी कधी फसवते. काच उलटी ठेवून छापली, तर चालकाचे चक्र उजवीकडून डावीकडे जाते आणि गाडी विलायतेतून अमेरिकेत पोचते. नंबराची पाटी दिसत नसेल, तर अशा वेळी माणसांच्या कोटाची बटणे पाहावीत. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. पाटी दिसत असेल तर उत्तमच. ‘सीपी’ ही अक्षरे मध्यप्रांताची, ‘एमपी’ १९५० नंतरच्या मध्यप्रदेशाची, ‘सीजी’ २००० साली झालेल्या छत्तीसगडाची. जत्रेतल्या छायाचित्रकाराची पुठ्ठ्याची मोटार ही आणखी एक गंमत. तिच्यात बसून हसणारे अख्खे कुटुंब पुष्कळांच्या संग्रहात असेल, आणि तिची जात ओळखण्यात एखाद्या भाबड्या हौशाने एखादी संध्याकाळ घालवलीही असेल.

स्वातंत्र्यानंतरच्या गाड्या ओळखणे तुलनेने सोपे. तेथेही कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या डॉज, डिसोटो आणि प्लिमथ या तिन्ही अंगाने जवळजवळ एकच. पुढची जाळी आणि नावाची अक्षरे पाहिल्याशिवाय सांगू नये. मुंबईकरांनी जिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले, ती गोल पाठीची फियाट मात्र पोरेही ओळखत.

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राहिलेल्या मोटारींसाठी नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. गाडी मूळ रूपात आहे हे दाखवायचे, तर मूळ रूप कसे होते ते आधी ठाऊक हवे. म्हणून गंजलेला सांगाडा पुन्हा उभा करू पाहणारा मालक आज अशा पिवळ्या छायाचित्रांच्या शोधात दारोदार हिंडतो. दिवा कोणता होता, टपाची घडी कशी पडे, पायरीवर पेटी होती की नव्हती, हे त्याला दुसरीकडे कोठे मिळणार?

तेव्हा जुने छायाचित्र चौकटीत बसवण्यासाठी त्याच्या कडा कापू नयेत. मोटारीचा अर्धा भाग नेमका कडेलाच असतो. मोटारीचे नाव आणि साल जाणकार अर्ध्या तासात सांगेल. चक्रावर हात ठेवून बसलेल्या चालकाचे नाव मात्र घरातल्या एखाद्या आजीलाच ठाऊक असते. ते तिला आजच विचारून पाठीवर पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहून ठेवावे. शाईने लिहू नये. ती पुढच्या बाजूस उतरते.