डाव्या अंगाचे शिक्षण



पक्षपात करणाऱ्या माणसाला मराठीत ‘उजवे-डावे करणारा’ असे म्हणतात. हा पक्षपात माणूस सर्वप्रथम स्वतःच्या शरीराशी करतो. लिहिणे, जेवणे, चेंडू फेकणे, खिळा ठोकणे ही कामे बहुतेकांचा उजवा हात करतो. दहा माणसांत साधारणतः एक डावखुरा असतो. त्याच्या बाबतीत हाच प्रकार उलट घडतो.

दुसरे अंग रिकामे बसते, असे मात्र नव्हे. उजव्या हातातील विळा चालतो तेव्हा ताटे मुठीत घट्ट धरण्याचे काम डावा हात करतो. उजव्या पायाने चेंडू मारणाऱ्या मुलाचा सारा भार त्या क्षणी डाव्या पायावर असतो. एका अंगाने कृती करावी, दुसऱ्याने आधार द्यावा, अशी ही वाटणी आहे. ती सहसा बदलली जात नाही, हीच खरी उणीव होय.

तोल कसा सांभाळला जातो

शरीराचा तोल तीन साधनांवर अवलंबून असतो : डोळे, कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय, आणि तळपाय, स्नायू व सांधे यांतून येणाऱ्या संवेदना. त्यांच्या आधारे हालचालींचा मेळ घालण्यात लहान मेंदूचा वाटा मोठा असतो. मोठ्या मेंदूचा डावा अर्धा भाग शरीराच्या उजव्या बाजूच्या हालचाली चालवितो, तर उजवा भाग डाव्या बाजूच्या. हे दोन्ही भाग मज्जातंतूंच्या जाड पट्ट्याने परस्परांशी जोडलेले असतात.

अमेरिकेतील येल विद्यापीठात १८९४ मध्ये झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, एका हाताने मूठ आवळण्याचा सराव केला असता सराव न केलेल्या दुसऱ्या हाताचीही शक्ती वाढते. शक्ती केवळ स्नायूंत नसते. मज्जासंस्थेच्या शिक्षणातही असते, हे त्यावरून दिसून आले. एक हात प्लास्टरमध्ये असताना दुसऱ्याला व्यायाम देण्यामागे हेच तत्त्व आहे.

उतारवयातील प्रश्न

या शिक्षणाचे मोल उतारवयात कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे मृत्युमुखी पडतात. ब्राझीलमधील ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ व्यक्तींचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे एकपंचमांश व्यक्तींना एका पायावर १० सेकंद उभे राहता आले नाही, आणि पुढील सुमारे सात वर्षांत त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले. तोल गेल्यानेच हे मृत्यू ओढवले, असा याचा अर्थ नव्हे. तोल हा एकूण प्रकृतीचा एक निदर्शक आहे, एवढेच त्यातून समजावे. शिवाय पक्षाघाताने वा अस्थिभंगाने उजवा हात निकामी होतो, तेव्हा डाव्या हाताला थोडे तरी वळण असल्यास जेवण आणि अंघोळ यांसाठी दुसऱ्याचे तोंड पाहावे लागत नाही.

शाळा आणि गाव

महाराष्ट्रातील मैदानी परंपरेत हे शिक्षण पूर्वापार आहे. खो-खोमध्ये आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. खो मिळताच उजवीकडे किंवा डावीकडे धावण्याची तयारी त्यांना ठेवावी लागते. मुद्गल दोन्ही हातांनी फिरविले जातात. सूर्यनमस्कारात एका नमस्काराला उजवा पाय प्रथम मागे नेला, तर पुढच्याला डावा न्यावा, हा नियम शिक्षकांनी कटाक्षाने पाळावा.

शारीरिक शिक्षणाच्या तासाला पाच-दहा मिनिटे यासाठी पुरेशी आहेत. जमिनीवर चुन्याची रेघ मारून टाचेला बोटे भिडवीत चालणे, प्रत्येक पायावर आळीपाळीने उभे राहणे, डाव्या हाताने भिंतीवर चेंडू मारून झेलणे, यांना खर्च येत नाही. आरंभ दुबळ्या अंगापासून करावा. घरी झाडू मारताना किंवा पाण्याची बादली वाहताना हात बदलावा. ग्रामपंचायतीने समाजमंदिराच्या ओट्याला आधाराचा कठडा बसविल्यास वृद्धांनाही हा सराव निर्धास्तपणे करता येईल. त्यांनी कठडा किंवा भिंत हाताशी ठेवावी. डोळे मिटून एकट्याने प्रयोग करू नये आणि चक्कर येत असल्यास प्रथम वैद्यकीय सल्ला घ्यावा.

दोन गोष्टींचे भान मात्र ठेवावे. डाव्या हाताने लिहिल्यास बुद्धी वाढते, असे दावे सिद्ध झालेले नाहीत. जो सराव केला जातो त्याच कामात प्रगती होते. आणि डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताने लिहिण्याची सक्ती कदापि करू नये. नैसर्गिक कल मोडणे हा या शिक्षणाचा हेतू नाही. शाळेत सुरू झालेली ही सवय घरोघरी पोहोचली, तर गावातील वृद्धांचे पाऊल अधिक खंबीर पडेल.