हेब्बाळमधला सव्वा महिना



न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्याच दशकाच्या अखेरीस चौदा वर्षांच्या एका मुलीचं पहिलं बाळ अवघ्या दहा दिवसांत गेलं. पुढे आपण तिला डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून ओळखू लागलो. त्या दुःखानं तिला फिलाडेल्फियापर्यंत नेलं, 1886 मध्ये ती डॉक्टर झाली आणि प्रबंधही तिनं प्रसूतिशास्त्रावरच लिहिला. व्याख्यानमालांची आपल्याला दीडशे वर्षांची सवय आहे. पण जन्मानंतरचे पहिले दिवस घरात कसे जातात, यावर व्यासपीठावरून बोलणं अजून फारसं होत नाही. म्हणून हा विषय मी मागून घेतला.

बोलणार आहे ते बंगळुरूतल्या आपल्या हेब्बाळबद्दल. तळ्याच्या आणि उड्डाणपुलाच्या आसपास, केंपापुरा, कोडिगेहळ्ळी, सहकारनगर भागांत घरांची दाटी वाढत गेली. नागवाऱ्याला मान्यता टेक पार्क उभं राहिलं, 2008 मध्ये देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला, आणि सांगली-सोलापूरपासून नागपूरपर्यंतची आपली मुलं इथं स्थिरावली. पहिल्या बाळंतपणाला मुलीनं माहेरी जायचं, ही रीत इथं उलटी झाली आहे. मुलीची डॉक्टर इथं, जावयाची नोकरी इथं, म्हणून माहेरच राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसून इकडे येतं. मीही तशीच आले. पिशवीत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, ओवा आणि जुन्या सुती साड्यांची शिवलेली दुपटी.

दवाखान्यातून घरी आल्यावर पहिली रात्र फार मोठी असते. तिथं बेल दाबली की सिस्टर यायच्या, इथं बाळ रडलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. बाळ दिवसाकाठी आठ ते बारा वेळा पितं, म्हणजे सलग दोन-अडीच तासांची झोपसुद्धा आईच्या वाट्याला येत नाही. त्यात घरातलं कुणीतरी सहज म्हणून जातं, "दूध पुरत नाही वाटतं त्याला." माझ्या लेकीनं पहाटे तीनला मला विचारलं होतं, "आई, मला दूधच कमी आहे का गं?" खांद्यावर बाळ, त्याची ढेकर निघत नव्हती, आणि हिच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. तिला त्या वेळी साध्या, खऱ्या माहितीची गरज होती. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. तो थोडाच असतो आणि तेवढाच पुरतो. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा-सात लंगोट ओले होत असतील, बाळ पिऊन शांत झोपत असेल, तर दूध पुरतं आहे. एवढं जाणणारं माणूस त्या वेळी शेजारी हवं.

आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालायला भूपसंद्र्याहून एक अम्मा यायच्या. त्यांचं काम बघत राहावं असं होतं. पाटावर बसून पाय लांब सोडायचे, बाळाला नडगीवर पालथं घ्यायचं, पाणी आधी स्वतःच्या कोपरावर घालून बघायचं. "पापू, पापू" करत तेल चोळताना त्यांचा हात मानेपाशी इतका हलका व्हायचा की बाळ रडायचं विसरायचं. त्या सांब्राणीचा धूप मागायच्या, मी ओव्या-शेपांची धुरी म्हणत होते. डॉक्टरांनी दोन्ही बंद करायला सांगितलं, कारण त्या इवल्या छातीला धूर सोसत नाही. अम्मांनी लगेच ऐकलं. मला दोन दिवस लागले. नाकाकानात तेल न घालणं, नाळ कोरडी ठेवणं, हेही आम्ही दोघींनी मिळून पाळलं.

आता थोडं कडू बोलते. आपल्या परंपरेतलं सगळंच जपण्यासारखं नाही. सहाणेवर उगाळलेली बाळगुटी, बोटानं चाटवलेला मध, डोळ्यांतलं काजळ, खाटेखालची कोळशाची शेगडी, यांना आता रजा द्यायला हवी. सहा महिने आईचं दूध, वर पाण्याचा थेंबही नको. मधातून होणारा एक विषारी आजार लहानग्याचे स्नायू लुळे करतो, म्हणून वर्षापर्यंत मध नाही. काजळात शिसं असू शकतं. आणि खिडक्या लावलेल्या फ्लॅटमध्ये कोळशाची शेगडी पेटवणं म्हणजे आई-बाळाला विषारी वायूत झोपवणं. हेब्बाळच्या डिसेंबर-जानेवारीतल्या गारव्यात ऊब द्यायची तर टोपडं, पायमोजे आणि आईच्या उघड्या छातीवर बाळ, वरून पांघरूण. याहून चांगला शेक नाही.

मग जपायचं काय? बाळंतिणीला सव्वा महिना कामातून मोकळं ठेवायचं आणि तिच्याजवळ जाणतं माणूस ठेवायचं, हे. माझ्या मते आपल्या आज्या-पणज्यांनी दिलेलं सगळ्यांत मोलाचं ते हेच आहे, आणि विज्ञानानंही त्यावर शिक्का मारला आहे तो आपल्याच गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या बाळंतिणीच्या घरी जायच्या, बाळाचं वजन करायच्या, ताप बघायच्या, दूध पाजायला शिकवायच्या, बाळाचे श्वास मोजायच्या. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या सुइणींसाठी तिथं मण्यांचं साधन केलं होतं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ, आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. पुढे 2011 पासून देशभर हीच पद्धत आली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशा कार्यकर्तीनं 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जायचं.

शहरात आशा बहुधा गरीब वस्त्यांमध्येच जाते. पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटची बेल सहसा कुणी वाजवत नाही. तिथं शिकलेली आई असते, मोबाइलवर हजार सल्ले असतात, आणि सकाळी नऊ ते रात्री आठ ती एकटी असते. कायद्यानं 2017 पासून नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांच्या वेळी 26 आठवड्यांची रजा मिळते. खासगी नोकरीतल्या बापाला मात्र रजेचा कायदेशीर हक्क नाही. सासू किंवा आई आली तर ठीक, तीही तब्येतीनं थकलेली.

या एकटेपणाचा भार बाळाइतकाच आईच्या मनावर पडतो. भारतातल्या अभ्यासांचा 2017 साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण सुमारे 22 टक्के, म्हणजे पाचातल्या एकीहून जास्त निघालं. पहिल्या आठवड्यातलं रडू बहुधा आपोआप ओसरतं. दोन आठवडे उलटूनही ती हसत नसेल, बाळ झोपलं तरी तिला झोप नसेल, बाळाकडे बघवत नाही म्हणाली, तर "बाळ झालंय, आनंदी राहा" हे औषध नव्हे. आपल्याच शहरात निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत 2009 पासून आई आणि बाळ एकत्र राहून उपचार घेऊ शकतात असा कक्ष आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक रात्रीही लागतो, फुकट लागतो.

बाळाचीही काही लक्षणं घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवीत. पिणं सोडलं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, शांत असताना मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास, छातीत खड्डा पडतोय, पहिल्याच दिवशी कावीळ दिसली किंवा तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा उतरला, तर सकाळची वाट बघू नका. हेब्बाळच्या पुलावर गाड्या किती तुंबतात हे आपल्याला माहीत आहे. निघायचं ठरलं की लगेच निघा.

एक मागणं मागते आणि थांबते. हेब्बाळ, सहकारनगर, कोडिगेहळ्ळी इथं आपल्यापैकी निवृत्त परिचारिका आहेत, डॉक्टर आहेत, दोन-तीन बाळंतपणं निस्तरलेल्या आज्या आहेत. आपल्या इमारतीत बाळ आलं, मग ते मराठी असो, कन्नड असो, बिहारी असो, तर आशाच्या भेटींच्या त्या सहा तारखा कॅलेंडरवर लिहा आणि त्या घरी जा. हात धुवा, बाळाचे मुके घेऊ नका, पोळी-भाजीचा डबा न्या, तासभर बाळ सांभाळून आईला झोपू द्या. निघताना आधी तिची चौकशी करा, मग बाळाची. ज्यांची तयारी असेल त्यांनी सभागृहाच्या दाराशी ठेवलेल्या वहीत नाव, इमारत आणि मोकळा वेळ लिहून जावं.